न्यू जर्सीतली कमी उत्पन्नाची कुटुंबं, फेडरल पैसा आणि टॅक्स क्रेडिट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शनिवारी मी न्यू जर्सीतल्या एका मोफत टॅक्स-मदत केंद्रावर बसते. समोर येणाऱ्यांत मराठी माणसंही असतात. भावाने ग्रीन कार्डवर बोलावून घेतलेलं आणि गोदामात किंवा गॅस स्टेशनवर काम धरलेलं जोडपं, घरून डबे देणाऱ्या ताई, दोन मुलांना घेऊन वेगळी राहणारी आई. इथले मराठी लोक सगळे आयटीत, असं बाहेरून वाटतं. त्यामुळे या लोकांना आपला प्रश्न मंडळात विचारायचा संकोच होतो आणि तो मला मेसेजवर येतो. त्याच प्रश्नांची ही जुळणी. आकडे २०२५ या करवर्षाचे, म्हणजे २०२६ मध्ये भरायच्या रिटर्नचे आहेत.

१. टॅक्स क्रेडिट म्हणजे डिडक्शनच ना?

नाही. डिडक्शन उत्पन्नातून वजा होतं, क्रेडिट थेट करातून. दहा टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला शंभर डॉलरच्या डिडक्शनने दहा डॉलर वाचतात, शंभर डॉलरच्या क्रेडिटने पूर्ण शंभर. काही क्रेडिट रिफंडेबल असतात. तुमचा कर शून्य झाला तरी उरलेली रक्कम सरकार तुमच्या खात्यात जमा करतं. कमी पगाराच्या घरासाठी खरा आधार याच रिफंडेबल क्रेडिटचा असतो, कारण त्या घराला मुळात कर थोडाच लागतो.

२. आम्हाला लागू होतील अशी मुख्य क्रेडिट कोणती?

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, दोन आणि राज्याची दोन.

पहिलं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे ईआयटीसी. ते १९७५ पासून आहे आणि काम करून मिळवलेल्या उत्पन्नावरच मिळतं. २०२५ साठी त्याची कमाल रक्कम मूल नसल्यास ६४९ डॉलर, एका मुलाला ४,३२८, दोन मुलांना ७,१५२ आणि तीन किंवा जास्त मुलांना ८,०४६. दोन मुलांच्या एकट्या पालकाला ५७,३१० डॉलर उत्पन्नापर्यंत काही ना काही मिळतं, जोडप्याला ६४,४३० पर्यंत.

दुसरं चाइल्ड टॅक्स क्रेडिट. सतरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर. मात्र त्यातले जास्तीत जास्त १,७०० रिफंडेबल आहेत.

राज्याचं पहिलं क्रेडिट न्यू जर्सीचं ईआयटीसी. ते फेडरल रकमेच्या सरळ ४० टक्के असतं. दुसरं राज्याचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. राज्याच्या हिशेबातलं करपात्र उत्पन्न ३०,००० डॉलरपर्यंत असेल तर मुलामागे १,०००. पुढे ते पायरीपायरीने उतरतं आणि ८०,००० ला संपतं.

३. एखाद्या घराचा हिशेब करून दाखवाल का?

दोन मुलांची आई धरू. मुलं तीन आणि सात वर्षांची, पगार वर्षाला ३०,००० डॉलर, रिटर्न हेड ऑफ हाउसहोल्ड, म्हणजे एकट्याने घर चालवणारी पालक, म्हणून.

एकट्या पालकाचं ईआयटीसी २३,३५० डॉलरनंतर उतरायला लागतं, दर डॉलरमागे सुमारे २१ सेंट. ती त्या रेषेच्या ६,६५० डॉलर पुढे आहे. म्हणून ७,१५२ मधून साधारण १,४०० गेले आणि ५,७५० उरले. चाइल्ड टॅक्स क्रेडिट कागदावर ४,४००. तिच्या गटाला सरसकट मिळणारं स्टँडर्ड डिडक्शन २३,६२५ वजा जाता तिचा कर सुमारे ६४० डॉलर होतो, तो या क्रेडिटने पुसला जातो आणि वर ३,४०० हातात येतात. राहिलेले साडेतीनशेच्या वरचे डॉलर तिला मिळतच नाहीत. पगार जास्त असता तर मिळाले असते.

राज्याकडून ५,७५० चे ४० टक्के, म्हणजे २,३००, आणि धाकट्या मुलाचे १,०००.

बेरीज सुमारे १२,४५०. तिच्या जवळजवळ पाच महिन्यांच्या पगाराएवढी. यातून थकलेलं भाडं दिलं जातं, गाडीचे ब्रेक दुरुस्त होतात, दाताचं ठेवलेलं काम होतं. हे मी दर मार्चमध्ये डोळ्यांनी बघते.

४. माझं उत्पन्न इतकं कमी की कर लागतच नाही. मग रिटर्न कशाला भरू?

याच समजुतीपायी सर्वांत जास्त पैसे बुडतात. देशभरात पात्र लोकांपैकी साधारण पाचातला एक ईआयटीसी घेतच नाही. न्यू जर्सीत एकट्या माणसाचं उत्पन्न १०,००० डॉलरच्या आत आणि जोडप्याचं २०,००० च्या आत असेल तर राज्याचं रिटर्न भरायची सक्ती नाही, पण भरलं नाही तर क्रेडिटही नाही. कोणी घरी येऊन हे पैसे देत नाही.

मागची वर्षं राहिली असतील तर तीन वर्षांपर्यंत मागे जाता येतं. २०२२ चा रिफंड हवा असेल तर १५ एप्रिल २०२६ ही शेवटची तारीख धरा.

५. फेडरल सरकारचा पैसा राज्यात येतो तरी कसा?

मोठ्या वाटा तीन. एक, थेट माणसाच्या हातात, जसे हे टॅक्स क्रेडिट किंवा सोशल सिक्युरिटीचं पेन्शन. दोन, राज्याच्या खर्चाला जोड म्हणून, जसं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा, ज्याला इथे एनजे फॅमिलीकेअर म्हणतात. राज्याने एक डॉलर घातला की फेडरल सरकार आपला वाटा घालतं. तीन, ठोक रक्कम, जसं टॅन्फ हे रोख साहाय्य.

प्रत्येक वाटेचं वागणं वेगळं. मेडिकेडमध्ये आजारी माणसं वाढली की फेडरल पैसाही वाढतो. टॅन्फची देशभराची रक्कम १९९६ च्या कायद्यात साडेसोळा अब्ज डॉलरच्या आसपास ठरली आणि महागाई कितीही वाढली तरी तिथेच राहिली. न्यू जर्सीच्या वाट्याला त्यातले चाळीस कोटींच्या जवळपास येतात. तिघांच्या कुटुंबाला इथे टॅन्फमधून महिन्याला जास्तीत जास्त ५५९ डॉलर मिळतात. एवढ्यात एडिसनमध्ये खोलीसुद्धा मिळत नाही.

स्नॅप, म्हणजे किराण्यासाठीची मदत, तिच्या कार्डावरचे पैसे आजवर पूर्णपणे फेडरल होते. तेच आता बदलतंय, प्रश्न ९ पाहा.

६. न्यू जर्सी एवढं श्रीमंत राज्य, मग गरिबांना त्याचा फायदा का होत नाही?

श्रीमंत राज्य असण्याचा तोटाच होतो. मेडिकेडमधला फेडरल वाटा राज्याच्या सरासरी दरडोई उत्पन्नावर ठरतो. न्यू जर्सीला सर्वांत कमी, म्हणजे ५० टक्के मिळतो, मिसिसिपीला पाऊणपेक्षा थोडा जास्त. २०१४ पासूनच्या विस्तारात मेडिकेडमध्ये आलेल्या प्रौढांसाठी मात्र, तो विस्तार स्वीकारलेल्या सगळ्याच राज्यांना ९० टक्के मिळतात.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. फेडरल दारिद्र्यरेषा अलास्का आणि हवाई सोडून सगळीकडे एकच आहे. २०२५ मध्ये चौघांच्या घराला ३२,१५० डॉलर. ईआयटीसीच्या रेषाही देशभर एकच. मिसिसिपीतल्या गावात आणि जर्सी सिटीत भाडं एक नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, पण तक्त्यात ते कुठेच उमटत नाही. इथे घरभाडं परवडावं म्हणून दोन नोकऱ्या केल्या तर त्या दुसऱ्या नोकरीमुळेच माणूस रेषेबाहेर जातो. म्हणून राज्याचे ४० टक्के महत्त्वाचे. फेडरल तक्त्यात राहिलेली फट राज्य थोडीफार भरतं. पण तेही फेडरल आकड्यालाच टांगलेलं आहे. फेडरल रिटर्नमध्ये चूक झाली की राज्याचंही चुकतं.

७. २०२१ मध्ये मुलांचे पैसे दरमहा खात्यात यायचे. ते बंद का झाले?

तो एका वर्षापुरताच कायदा होता. सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,००० डॉलर, पूर्ण रिफंडेबल. त्यातले निम्मे जुलै ते डिसेंबर दरमहा आले. काँग्रेसने मुदत वाढवली नाही. टॅक्स क्रेडिट आणि सरकारी मदतही धरणाऱ्या पूरक दारिद्र्यमापनानुसार देशातली बालदारिद्र्याची टक्केवारी २०२१ मध्ये ५.२ पर्यंत उतरली होती, २०२२ मध्ये ती १२.४ झाली. टॅक्स क्रेडिटने खरंच काही होतं का, असं कोणी विचारलं की मी एवढे दोन आकडे सांगते.

न्यू जर्सीने स्वतःचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट २०२२ मध्ये ५०० डॉलरने सुरू केलं आणि पुढच्या वर्षी दुप्पट केलं.

८. पगार वाढला की मदत जाते म्हणतात. मग ओव्हरटाइम घेऊ की नको?

घ्या. पण हिशेब माहीत असू द्या. प्रश्न ३ मधल्या आईला १,००० डॉलर जास्त मिळाले तर फेडरल ईआयटीसी सुमारे २११ ने आणि राज्याचं ८४ ने घटतं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७६ जातात, राज्याचा कर सतरा-अठरा. सहाशेच्या थोडे वर उरतात. ती स्नॅप घेत असेल तर तिथूनही २४० ते ३६० कापले जातात. म्हणजे हजारातले कधी अडीचशेच हाती लागतात. तिच्यापेक्षा कितीतरी जास्त कमावणाऱ्याच्या वाढीवर एवढी कात्री चालत नाही. मला हा अन्याय वाटतो.

तरी ईआयटीसी एकदम तुटत नाही, उतारासारखं कमी होतं. एकदम तुटणाऱ्या जागा वेगळ्या आहेत. राज्याच्या चाइल्ड क्रेडिटच्या पायऱ्या आणि मेडिकेडची प्रौढांसाठीची रेषा, जी दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांवर आहे. मुलांसाठी मात्र एनजे फॅमिलीकेअरची मर्यादा ३५५ टक्के आहे. त्यामुळे आईबापांचं कव्हर गेलं म्हणून मुलांचं गेलं असं समजून अर्ज थांबवू नका.

९. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने नेमकं काय बदललं?

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यात ईआयटीसीच्या रकमांना हात लावलेला नाही. चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,००० चं २,२०० झालं, पण रिफंडेबल भागाची मर्यादा १,७०० च राहिली. त्यामुळे सर्वांत गरीब घराला या वाढीतलं काहीच मिळालं नाही.

स्नॅपमध्ये बदल खोल आहेत. महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा सेवा दाखवायची अट आता ६४ वर्षांपर्यंतच्या लोकांना लागू होते, आणि ज्यांचं सर्वांत धाकटं मूल चौदा किंवा त्याहून मोठं आहे अशा पालकांनाही. ती पूर्ण झाली नाही तर तीन वर्षांत तीनच महिने मदत. रेफ्युजी आणि असायलम मिळालेल्यांची पात्रता काढून घेतली.

राज्यावरचा भार असा. स्नॅप चालवण्याचा खर्च निम्मा-निम्मा होता, ऑक्टोबर २०२६ पासून ७५ टक्के राज्याकडे. ऑक्टोबर २०२७ पासून कार्डावरच्या पैशांतला ५ ते १५ टक्के वाटाही राज्याला द्यावा लागू शकतो, स्नॅपचे पैसे देण्यातल्या चुकांचं प्रमाण ६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर. २०२४ च्या आर्थिक वर्षात देशाची सरासरी १०.९३ टक्के होती. या चुका म्हणजे चोरी नव्हे. कमी दिलेले पैसेही त्यात मोजले जातात आणि बऱ्याच चुका कागदपत्रांच्या घोळातून होतात. न्यू जर्सीला घटनेने तुटीचं बजेट करता येत नाही. त्यामुळे हा नवा खर्च दुसऱ्या कशातून तरी कापावा लागेल किंवा कर वाढवून भरावा लागेल.

मेडिकेडमध्ये १ जानेवारी २०२७ पर्यंत विस्तारातल्या प्रौढांना कामाची अट येईल. त्यांची पात्रता वर्षाऐवजी सहा महिन्यांनी तपासली जाईल. तेव्हा पत्ता बदलला की काउंटीला लगेच कळवा. जुन्या पत्त्यावर गेलेल्या एका पत्रामुळे कव्हर बंद पडलेली घरं मी पाहिली आहेत.

१०. सरकार बंद पडलं तेव्हा कार्डावर पैसे आले नाहीत. टॅक्स क्रेडिटचंही तसं होईल का?

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या शटडाउनमध्ये नोव्हेंबरचं स्नॅप अडकलं, कारण त्याला दर वर्षी मंजुरी लागते. टॅक्स क्रेडिट कायमच्या कायद्यात आहेत, त्यांना तशी मंजुरी लागत नाही. कर्मचारी कमी असले तर रिफंडला उशीर होऊ शकतो, हक्क जात नाही.

११. मी एच-१बी वर आहे, बायको एच-४ वर आणि तिच्याकडे आयटीआयएन आहे. पगार कमी आहे. ईआयटीसी मिळेल?

एकत्र रिटर्न भरलं तर नाही. ईआयटीसीसाठी दोघांकडे कामाला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. एकाचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नसणाऱ्याला फक्त करासाठी दिलेला नंबर) असला तरी पूर्ण क्रेडिट जातं, आणि त्याबरोबर राज्याचंही. बायकोला वर्क परमिट मिळून नंबर आला तर पुढे मिळेल, पण तो नंबर रिटर्नच्या मुदतीच्या आत, घेतली असल्यास वाढीव मुदत धरून, मिळालेला हवा. जुन्या वर्षांसाठी मागे जाता येत नाही.

चाइल्ड टॅक्स क्रेडिटची गोष्ट वेगळी. मूल इथे जन्मलेलं आणि नंबर असलेलं, शिवाय दोघांपैकी एकाकडे कामाचा नंबर, तर मिळतं. मूल भारतात जन्मलेलं आणि आयटीआयएनवर असेल तर ते मिळत नाही. फक्त ५०० डॉलरचं अवलंबितांचं क्रेडिट, तेही रिफंडेबल नाही. राज्याचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट मात्र आयटीआयएन असलेल्या मुलालाही मिळतं. हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते.

ओपीटीवरचे, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थी व्हिसावरच काम करणारे, विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरते नॉनरेसिडेंट धरले जातात. त्यांना ईआयटीसी नाही.

१२. मूल वर्षभर पुण्याला आजीकडे होतं. त्याचं क्रेडिट घेता येईल?

बहुधा नाही. ईआयटीसीसाठी मूल अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्यासोबत अमेरिकेतल्या घरी राहिलेलं हवं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने आजोळी गेलं तर ती तात्पुरती गैरहजेरी, ती मोजत नाहीत. पण डेकेअर परवडत नाही म्हणून दोन वर्षांचं बाळ आजी-आजोबांकडे वाढायला ठेवलं असेल तर त्याला तात्पुरतं म्हणता येणार नाही. आधीच मन जड झालेली आई हा प्रश्न विचारते, तेव्हा मला सांगायला जड जातं. तरी खोटं लिहू नका. निष्काळजीपणे नियम डावलल्याचं ठरलं तर दोन वर्षं ईआयटीसी बंद, फसवणूक ठरली तर दहा.

१३. आम्ही सगळे एकाच घरात. नातवाचं क्रेडिट आजोबांनी घेतलं तर चालेल?

नातवंडं, भाचे-पुतणे, भावंडंही नात्याच्या अटीत बसतात. पण एका मुलावर एकच दावा, आणि आईबाप दावा करत असतील तर पहिला हक्क त्यांचा. त्यांनी केला नाही तर आजोबांचं उत्पन्न आईबापांपैकी प्रत्येकाहून जास्त असेल तेव्हाच आजोबांना घेता येतं. दोघांनी दोन रिटर्नवर एकच मूल लिहिलं की पत्र येतं आणि रिफंड महिनोन्महिने अडकतो.

१४. नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही. मला मिळेल?

मिळू शकतं. वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा त्या घरात नव्हता आणि मूल अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याकडे होतं, तर वेगळं रिटर्न भरूनही ईआयटीसी घेता येतं. ही सवलत २०२१ पासून आहे. घटस्फोटाच्या कागदात मुलाचा दावा बापाला दिला असला तरी तो चाइल्ड टॅक्स क्रेडिटपुरता. ईआयटीसी ज्याच्याकडे मूल राहतं त्याचंच. वकिलांनी हे सांगितलेलं नसतं, म्हणून दरवर्षी कोणीतरी आई ते सोडून देते.

१५. मला मूल नाही आणि वय बावीस. काहीच नाही का?

फेडरल ईआयटीसी मूल नसलेल्यांना २५ ते ६४ वयातच मिळतं. न्यू जर्सीने वयाची अट अठरापर्यंत खाली आणली आणि वरची मर्यादा काढली. बाकी अटी जुळत असतील तर फेडरल शून्य असूनही राज्याचं मिळतं.

१६. नाशिकच्या एफडीचं व्याज आणि ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं दाखवायचं का?

हो. रेसिडेंट म्हणून जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. व्याज, लाभांश, निव्वळ भाडं मिळून ११,९५० डॉलरच्या वर गेलं तर ईआयटीसी पूर्ण जातं. भारतातल्या खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या पुढे गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा भरायचा असतो.

१७. मी डबे देते, पैसे रोख मिळतात. दाखवले तर कर बसेल ना?

बसेल. निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, सुमारे १५.३ टक्के. पण कमाई कमी असते आणि ईआयटीसी तिच्याबरोबर वाढत जातं, त्या भागात दोन मुलं असलेल्या बाईला दर डॉलरमागे ४० सेंट फेडरल ईआयटीसी मिळतं, वर राज्याचे १६. शिवाय सोशल सिक्युरिटीची वर्षं जमतात. किराणा, डबे, पेट्रोल यांच्या पावत्या वहीत लावून ठेवा. खर्च लपवून नफा फुगवणं हाही गुन्हाच आहे. काही एजंट तसं सुचवतात.

१८. हे सगळं घेतलं तर ग्रीन कार्डाला अडचण येईल का?

ग्रीन कार्डाच्या अर्जात टॅक्स क्रेडिट आजवर सरकारी मदत म्हणून धरलेले नाहीत, ते कराचा हिशेब आहेत. अर्जदार सरकारवर अवलंबून राहील का हे ठरवणाऱ्या २०२२ च्या पब्लिक चार्ज नियमात स्नॅप आणि साधं मेडिकेडही धरलं जात नाही. रोख साहाय्य आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं धरलं जातं. तो नियम मागे घेण्याचा प्रस्ताव सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला. म्हणून अर्ज चालू असेल तर स्नॅपबाबत आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. नागरिक असलेल्या मुलाचा हक्क मात्र भीतीपोटी सोडू नका. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच्या विक या पोषण-योजनेत इमिग्रेशनची अट नाही.

१९. आईबाबांना ग्रीन कार्डावर आणलं. त्यांना स्नॅप किंवा मेडिकेड?

साधारण पहिली पाच वर्षं नाही. अठराखालच्या मुलांना ही थांबण्याची अट नाही. शिवाय तुम्ही स्पॉन्सर म्हणून सही केली आहे. त्यांनी घेतलेल्या मदतीची भरपाई सरकार तुमच्याकडे मागू शकतं, ते नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या कामाच्या चाळीस तिमाही भरेपर्यंत.

२०. रिफंडमुळे स्नॅप बंद होईल का? आणि कार्डावर आपलं सामान येतं का?

फेडरल रिफंड उत्पन्न म्हणून धरत नाहीत, आणि बारा महिने शिल्लक म्हणूनही नाही. कार्डावर डाळ, तांदूळ, कणिक, तेल, भाजी येतं. कार्ड घेणारी देशी दुकानंही आहेत. गरम वडापाव येत नाही.

२१. मार्च उजाडला तरी रिफंड नाही. एजंट म्हणतो लगेच देतो, घेऊ का?

ईआयटीसी किंवा रिफंडेबल चाइल्ड टॅक्स क्रेडिट असलेले रिफंड कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी सोडत नाहीत. पुढे बँकेत यायला महिनाअखेर किंवा मार्चचा पहिला आठवडा होतो. 'लगेच' मिळणारे पैसे म्हणजे बहुतेक वेळा तुमच्याच रिफंडवर काढलेलं कर्ज. फी रिफंडच्या टक्केवारीवर सांगणारा किंवा रिटर्नवर स्वतःची सही आणि नंबर न टाकणारा माणूस टाळा. मागच्या वर्षी एक ताई अशाच एकाकडून आल्या. रिटर्नवर त्यांना नसलेला धंदा दाखवलेला होता आणि नोटीस त्यांच्या नावाने आली होती.

आयआरएसचं, म्हणजे फेडरल करखात्याचं, ऑनलाइन रिटर्न भरायचं मोफत डायरेक्ट फाइल न्यू जर्सीत २०२५ ला होतं, २०२६ ला नाही. पण व्हिटा ही १९६९ पासूनची मोफत सेवा आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असणाऱ्यांचं रिटर्न तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक भरून देतात. येताना सगळ्यांची सोशल सिक्युरिटी किंवा आयटीआयएनची कागदं, फोटो ओळखपत्र, डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद), बँकेचा खाते क्रमांक आणि मागच्या वर्षीचं रिटर्न आणा. जोडप्याने एकत्र भरायचं असेल तर दोघांनी या, सह्या दोघांच्या लागतात.